मालेच्या बांधावरची सायकल

मेधा लातूरकडची. तिच्या गावी बांध म्हणजे कोरडी, टणक पायवाट. त्यावरून सायकल हाणतच ती शाळेत गेलेली. २००७च्या जुलैत नवी गिअरची सायकल घेऊन ती पुण्याजवळच्या सूसहून मुळशीकडे निघाली. वाटेत माले गावाजवळ भाताच्या खाचरांमधून जाणारा बांध दिसला आणि ती खुशाल त्यावर चढली. नुकताच लिंपलेला ओला बांध चाकाखाली फुटला. वरच्या खाचरातलं पाणी भसाभसा खालच्या खाचरात निघालं.

"डोळं फुटलं का गं तुजं? उतर चिखलात!" खाचराच्या मालकीण सगुणाबाई कडाडल्या. पासष्टीच्या बाईंनी फावडं मेधाच्या हातात कोंबलं आणि घटकाभर तिच्याकडूनच चिखल थापून घेतला. मग त्याच हातांवर पाणी ओतून नाचणीची भाकरी ठेवली.

मेधा आभार मानू लागली, तर त्या पुन्हा डाफरल्या, "आभार ऱ्हाऊ दे. फुडल्या ऐतवारी ये, बांध टिकला का न्हाई ते बगायला!"

इतक्या शिव्या खाऊनही मेधाला भरून आलं. पुण्यात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. 'पुन्हा ये' म्हणणारं हे पहिलंच माणूस.