तरवडाचा शेक

आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळावर तरवडाला कुणी औषध म्हणत नाही. ते झुडूप घरचंच. उन्हात मेंढरं राखताना आबा, म्हणजे माझे वडील, त्याचा पाला पटक्याखाली घालायचे. नवरात्रात आई त्याच्या पिवळ्या फुलांची माळ घटाला बांधायची आणि आबांची साखर उतरावी म्हणून उरलेली फुलं उकळायची. साखर काही हटली नाही. गोळ्या चालू होत्या, फुलंही चालू होती, आणि मी भांडणं सोडून दिलं होतं.

दोघं शहरात, विश्रामबागेत माझ्याकडे राहायला आली आणि पाला-फुलं आणणं माझ्या गळ्यात पडलं. दिवसभर ऑफिस, मग स्वयंपाक, आणि मधेच मिरजेच्या बाजूला पडीक जागेत स्कूटर लावून झुडपं ओरबाडायची. लोक बघायचे. लाजायचंही त्राण माझ्यात नसायचं.

गेल्या महिन्यात जिन्यात आबांचा पाय मुरगळला. अशा वेळी आमच्यात तरवडाचा पाला तव्यावर गरम करून बांधतात. किती गरम, याचं माप एकच: ज्याचा पाय, त्यानं सांगायचं. सोसेना झालं की पुरे. मी कामावर होते. घरी काय झालं ते आईनं नंतर सांगितलं.

"आजून तापव," आबा म्हणाले.

"आवं, माझा हात पोळतोय."

"मला कायबी लागंना. तापव तू."

आईनं तापवला. आयुष्यभर सगळ्यांना हेच माप लावलं होतं तिनं. संध्याकाळी मी फडकं सोडलं, तर पाल्याबरोबर पायाची कातडी निघाली. आबा निवांत चहा पीत होते. आधी मला त्यांचा राग आला, मग भीती वाटली आणि मी रिक्षा बोलावली.

मिरजेला जाताना रिक्षात ते एकदाच बोलले. "पाय काढू दिऊ नगंस, पोरी. मला माळावर जायाचं हाय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली. साखरेमुळे पाय बधिर झालाय, म्हणाल्या, जाणीव किती उरलीय ते बघू, मग पायाचं ठरवू. त्यांनी आबांना डोळे मिटायला लावले. तळव्याला बारीक दोरा टेकवेन, कळलं की सांगा.

आबांनी डोळे घट्ट मिटले.

"व्हय," ते म्हणाले. "कळलं." आणि जरा थांबून, "हितंबी कळलं."

बाईंनी दोरा अजून पाकिटातून काढलाही नव्हता.