निळीचे दोन थेंब

मी चहात दूध घेत नाही. वीस-बावीस वर्षं झाली. लोक विचारतात पित्त आहे का, शुगर आहे का, आणि मी जे विचारतील त्याला हो म्हणते. नवऱ्याला आधी वाटायचं मी काटकसर करते, मग वाटलं नवस केलाय. आम्ही बौद्ध, नवसबिवस करत नाही, हे त्या माणसाला ठाऊक असून त्याला असं वाटलं. खरं कारण एवढंच की एका बाईच्या चांगल्या दुधात मी एकदा नीळ टाकली होती.

नांदूरघाटच्या बाजूचं आमचं गाव. गावात दूध सोसायटी होती आणि बारावी झाल्यावर मला तिथं दूध तपासायला घेतलं. कुणी उदार झालं होतं असं नाही. रोज पहाटे उठून शेणाच्या वासात दोन तास उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून जागा वस्तीपर्यंत आली. वस्तीतली पोरगी दुधाला हात लावणार म्हणून पहिल्या आठवड्यात सहा-सात घरांनी दूध खासगी गाडीवाल्याकडं वळवलं. माझे वडील गवंडी होते, ओळंबा सोडल्याशिवाय वीट ठेवायचे नाहीत. रुजू व्हायच्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "दुसरं कुणी चुकलं तर माणूस चुकलं म्हणत्यात. आपण चुकलो तर जात चुकली म्हणत्यात. आपल्याला चुकायची सोय न्हाई, बाई."

ते मी असं काही धरून ठेवलं की विचारू नका. दुधात काचेची नळी सोडायची, ती किती बुडते ते बघायचं. त्याला आमच्याकडं डिग्री म्हणतात. डिग्री रेघेच्या खाली गेली की दुधात पाणी आहे असं समजायचं आणि दूध परत करायचं. पण परत केलेलं दूध लोक शेजारच्या किटलीत मिसळून पुन्हा रांगेत आणायचे. म्हणून आमच्या सोसायटीनं एक रीत काढली होती: परत करताना त्यात निळीचे दोन थेंब टाकायचे. कपड्याची साधी नीळ. मग ते दूध ना सोसायटीत चालायचं, ना खासगी गाडीवाल्याकडं, आणि घरी जाईपर्यंत अख्ख्या गावाला कळायचं. मी सरपंचाच्या चुलत भावाच्या दुधातही नीळ टाकली होती. सहा महिन्यांत गेलेली घरं परत आली. पोरगी खडूस आहे पण खोटी नाही, असं लोक म्हणायला लागले आणि मला त्याचा गर्व चढला.

आमच्यापासून तीन घरं सोडून एक मावशी राहायची. सख्खी नव्हे, पण आई खुरपायला गेली की मी तिच्याच घरी असायचे. नवरा वारलेला, मुलगा दिंद्रुडला हमालीला, आणि घरी एकच गाय. दीड लिटर दूध यायचं, त्यातलं पावशेर ठेवून बाकीचं ती सोसायटीला घालायची. लहानपणी त्या ठेवलेल्या पावशेरातलं मला किती मिळालं असेल, कोण जाणे. भाकर कुस्करून ती वरून दूध ओतायची आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहायची.

मग ते छावणीचं वर्ष आलं. त्याच्या आधीचं सालही कोरडंच गेलं होतं. विहिरींचे तळ दिसायला लागले, टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, आणि गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी लागली. छावणीत उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची पानं, मिळायची, तीही मोजून. जनावरं दिवसभर तिथं उन्हात उभी असायची, रात्री आपापल्या गोठ्यात. ज्यांच्याकडं जुना कडबा शिल्लक होता त्यांनी तो वरून घातला. मावशीकडं वाढ्याशिवाय काही नव्हतं. तिच्या दुधाची डिग्री उतरायला लागली. पहिल्या दिवशी मी हळू आवाजात सांगितलं की मावशी, दूध पातळ लागतंय. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. दूध मात्र दोन्ही दिवस घेतलं.

तिसऱ्या दिवशी मागून कुणीतरी बोललं, की आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. रांगेत दहा-बारा माणसं होती. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी नळी पुन्हा सोडली, पुन्हा ती रेघेखाली. मी निळीची बाटली उचलली.

मावशीनं किटलीवर हात ठेवला. ती भांडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, प्यायला पाणी न्हाई. दुधात घालाया कुठून आणू?"

रांग हसली. मीही हसले. हो, हसले. आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रांगेसारखंच वागायला हवं असं त्या घडीला वाटलं. मग तिचा हात बाजूला सारून मी दोन थेंब टाकले. निळा रंग आमच्या वस्तीचा मानाचा, विहारावरचा झेंडा त्याच रंगाचा. तो रंग मी माझ्याच माणसाच्या दुधात सोडला आणि वर म्हणाले, "नेक्स्ट."

ती झाकण न लावता किटली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. पंधरा दिवसांत तिनं गाय बाजारात नेली आणि घराला कुलूप लावून मुलाकडं निघून गेली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले सुंठीवाचून खोकला गेला, वस्तीतलं वस्तीत मिटलं. वडिलांनी काही विचारलं नाही. मला वाटलं, मी त्यांचं ऐकलं म्हणून ते गप्प आहेत.

तीन महिन्यांनी मला अंबाजोगाईला प्रशिक्षणाला पाठवलं. जनावरांचे डॉक्टर शिकवायला होते. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितलं की दुष्काळात पोटाला नीट मिळालं नाही की गाईचं दूध आपोआप पातळ होतं, पाण्याचा थेंब न घालता डिग्री उतरते. म्हणून कुणाचं दूध परत करण्याआधी त्याच्या गोठ्यात जायचं, आपल्यासमोर धार काढायला लावायची आणि तो नमुना तपासायचा. डिग्री तिथंही तेवढीच भरली, तर माणूस खरा. मग म्हणाले, हा नियम प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर लावलेला असतो. माझ्या डोळ्यांपुढं आमची भिंत आली. होता. पिवळा पडलेला कागद, सातव्या क्रमांकावर. रोज त्याच्याखाली उभी राहून मी दुसऱ्यांची पारख करायचे. आणि तिचा गोठा तर माझ्या दारापासून तीन घरांवर होता.

परत आल्यावर मी सेक्रेटरींना म्हणाले की रांगेतल्या लोकांपुढं मला हे सांगायचंय. ते म्हणाले, वेडी आहेस का, उद्या प्रत्येक पाणीवाला म्हणेल माझी गाय उपाशी आहे. आणि तुझ्यावर आधीच किती जणांचा डोळा आहे, माहीत आहे ना? माहीत होतं. मी गप्प बसले. दिंद्रुड काही विलायतेत नाही, तरी मी गेले नाही. पहिलं पाप अडाणीपणाचं होतं असं म्हणू एक वेळ. हे दुसरं मात्र पूर्ण शुद्धीत केलं. सोसायटी पुढं मोडली. ज्या भिंतीवर तो कागद होता तिथं आता खताची पोती लावलेली असतात. मी तालुक्याच्या दूध केंद्रात लागले, लग्न झालं, मुलगी झाली.

आणि या सगळ्या वर्षांत स्वतःशी मी जे बोलत आले, ते दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. भाजी करपली, की मनात येतं, तुला कधी काही नीट जमलंय का. केंद्रात कुणी कौतुक केलं, की आतून ऐकू येतं, यांना सांग की नीळ कुणी टाकली होती. तापानं फणफणले तरी अंथरुणावर पडताना वाटतं, पड, तुला काय, गाय विकून थोडीच जायचंय. कोरा चहा हा त्यातला सगळ्यात लहान दंड. वडील जाताना माझा हात धरून म्हणाले की मी तुला लई कडक वाढवली, चुकलं माझं. मी म्हणाले, नाही दादा. त्यांना माफ करायला मला अर्धा श्वासही लागला नाही.

गेल्या उन्हाळ्यात केंद्रात एक नवीन मुलगी लागली. तिच्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली आणि एका म्हाताऱ्याचं चांगलं दूध परत गेलं. ती माझ्या घरी येऊन हमसून हमसून रडली. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाले की माणूस आहेस, चुकलं, उद्या त्याच्या घरी जा आणि सांगून ये. माझी मुलगी अंबाजोगाईला नर्सिंग शिकते, ती तेव्हा सुट्टीत घरी होती. पाहुणी गेल्यावर ती म्हणाली, "मम्मी, तू हे असं कधी स्वतःशी का बोलत नाहीस?" तिला नीळ माहीत नव्हती. तिला फक्त मी माहीत होते. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, फक्त हसले ते सोडून, आणि चारच दिवसांत तिनं मला एसटीत बसवलं.

मावशी दिंद्रुडला मुलाच्या घरी ओसरीवर बसली होती. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं जेमतेम. आवाजावरून तिनं मला ओळखलं आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. मी सुनेला म्हणाले, मला कोरा. मग मावशीच्या पायाशी बसले आणि एका दमात सांगून टाकलं की तुझ्या दुधात पाणी नव्हतं, गोठ्यात येऊन बघायचा नियम होता, मी बघितलं नाही.

मला वाटलं, आता शिव्या देईल. मी शिव्या खायलाच आले होते. ती म्हणाली, किटली धुतल्यावर तळाला पाणी राहायचं, तेच भोवलं असंल, असं तिला वाटत राहिलं. शिकलेली पोरगी खोटं कशाला बोलंल, चूक आपलीच असंल. गाव तिनं लाजेनं सोडलं होतं. एवढी वर्षं त्या पोरीवर भरवसा ठेवून तिनं स्वतःलाच चोर ठरवलं होतं, आणि ती पोरगी म्हणजे मी.

"म्हंजी मी पाणी घातलं न्हवतं?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. तिनं सुनेला बाहेर बोलावलं आणि मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. मुलगा मागच्या खोलीत होता, तोही आला, मी तिसऱ्यांदा सांगितलं. मावशीचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. नाही उजळला. ती मांडीवरचा पदर चाचपत हळूच म्हणाली, "म्हंजी गाय उपाशी व्हती. मी तिला उपाशी ठिवली."

चोर नाही ठरली तर आता ही कसाई ठरणार होती, आणि तेही मीच घरबसल्या आणून दिलं होतं. मी तिचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "मावशी, चारा कुठं होता गावात? तू आणणार तरी कुठून होतीस? होतं तेवढं घातलंस की."

तिनं चांगला डोळा माझ्याकडं वळवला. सुनेनं मघाशीच दोन कप आणून ठेवले होते, तिचा दुधाचा आणि माझा काळा. तिनं ते दोन्ही निरखून पाहिले.

"आन तू?" ती म्हणाली. "तू तवा केवढीशी व्हतीस. तू कोरा च्या कावून पितीस?"

पित्त म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. ती उत्तराची वाट बघत बसली, लहानपणी मी जेवेपर्यंत बसायची तशीच. मग तिनं आपला कप माझ्याकडं सरकवला. मला रडू आलं, मी तिच्यापुढं रडले, आणि तरीही तो कप परत तिच्याकडं सारला. माझा चहा निवून गेला होता. तोच प्याले, कोरा.