मावशींचं नाक आणि वेखंडाचं पोतं

गोदामात पोतं उघडलं की सगळे हातातलं काम टाकून मावशींच्या नाकाकडे बघत. नाक तसं चाफेकळी वगैरे नव्हतं. चांगलं बसकं, शेंड्यावर तीळ असलेलं. पण त्या नाकाने नाही म्हटलं की गाडीभर माल आल्या पावली परत जाई, आणि हो म्हटलं की मालक न बघता पोत्यावर शिक्का मारत.

माल म्हणजे मुळ्या, साली, सुकलेली पानं. पुढे औषधी मालाचं ठोक दुकान, मागे गोदाम. या सगळ्या पसाऱ्यात मावशींचा जीव वेखंडावर. तपकिरी, गाठाळ, बोटाएवढी कांडं. न जाणणारा चुलीत घालेल. पण कट्‌कन मोडलं की आत फिकट गुलाबी, आणि मग तो वास, जिना चढल्यासारखा थेट डोक्यात जाणारा. लोक ते नाना कामांना नेत. सर्दीने डोकं जड झालं की उगाळून कपाळावर, तान्ह्याचं पोट फुगलं की बेंबीभोवती, लोकरी कपड्यांना कसर लागू नये म्हणून ट्रंकेत चार कांडं.

"पोटात मात्र आपल्या मनाने द्यायचं नाही, कळलं? वरून लावायचं!" मावशी गिऱ्हाइकाला असा दम भरत, की माणूस चोरी करताना सापडल्यासारखा मान हलवी.

संध्याकाळी घरी जाताना वेखंड त्यांच्याबरोबर जिना चढे. नवरा होता तेव्हा दाराची कडी आधीच काढून ठेवी. "तू खालच्या पायरीवर असतेस तेव्हाच कळतं मला. आधी वेखंड येतं, मग तू." आता तो नव्हता. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. तिचा फोन येई.

"जेवलीस?"

"जेवले."

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!"

झालं बोलणं. म्हणजे मावशींचं जे काही बोलणं होतं ते गोदामात होतं, आणि गोदामात त्या होत्या त्या नाकामुळे. म्हणूनच तापाने अंथरूण धरलं आणि उठल्यावर चहा नुसता गरम पाण्यासारखा लागला, तेव्हा त्या घाबरल्या. सर्दी असेल म्हणाल्या. वेखंड उगाळून कपाळाला थापलं. कातडी चुरचुरली, पण कपाळावरच्या वेखंडाचा खाली नाकाला पत्ता नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "येईल परत. किंवा नाही येणार. वाट बघा."

वाट बघायची त्यांना सवय होती, पण असल्या घरात नाही. घर एकदम मुकं झालं. भिजलेलं पायपुसणं काही बोलेना, फोडणी काही बोलेना. एकदा दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला, आणि मावशी शेजारीच खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. वरच्या मजल्यावरची सून जिन्यातून ओरडली, "अहो मावशी, काय जाळताय? तुम्ही आत आहात ना?"

"आहे गं बाई, आहे!"

दूध टाकून दिलं आणि त्या ट्रंकेपाशी बसल्या. नवऱ्याचा स्वेटर वर काढला. वेखंडाच्या कांडांत ठेवलेला, तरी आत कुठेतरी त्याच्या डोक्याच्या तेलाचा आणि बिडीचा वास राहिला होता. अधूनमधून झाकण उघडायचं, हुंगायचं आणि लावून टाकायचं, असा त्यांचा परिपाठ होता. आता तोंड खुपसून बसल्या तरी लोकर नुसती टोचली. स्वेटर होता, नवरा नव्हता.

हे कुणाला सांगायचं? गोदामात तर नाहीच. नाक गेलेल्या मावशी म्हणजे गोदामात बसलेली एक म्हातारी, बस. मग त्यांनी नाटक सुरू केलं. कांडं मोडायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे, छाती भरून श्वास घ्यायचा. सगळं पहिल्यासारखं. फक्त हात खाली आणता आणता तुकडा पटकन दाताखाली. कडू कडू, जिभेला चावणारं लागलं तर माल जिवंत. मिळमिळीत लागलं तर जुना, मेलेला. जीभ शाबूत होती. संध्याकाळपर्यंत तोंड बधिर व्हायचं, पण मान राहायचा.

मग ते रॉकेलचं पोतं आलं.

गाडीत कुणाचा तरी रॉकेलचा डबा सांडला होता. पोतं भिजून पुन्हा वाळलेलं, वरून काही दिसत नव्हतं. मालक उभे होते. शेजारी लांबी उभी होती. लांबी म्हणजे पॅकिंगच्या टेबलावरची तरुण बाई. दारातून वाकून यायची म्हणून हे नाव पडलेलं. मावशींनी कांडं मोडलं, डोळे मिटले, श्वास घेतला. मालकांची नजर आज हातावरच होती, तुकडा दाताखाली घालता येईना. कांडं तर कट्‌कन मोडलं होतं.

"फर्मास!" मावशी म्हणाल्या. "चढवा वर."

कुणी हललं नाही. मालकांची भुवई कपाळात गेली.

"फर्मास?"

लांबी एकदम खिदळली. "अहो मालक, थट्टा करतायत! चढवा म्हणजे स्टोव्हवर चढवा! काय मावशी, आज फार रंगात?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहता सावरल्या. "नाहीतर काय. एवढं इंधन आलंय, स्वयंपाकच करू."

मालक हसले. पोतं परत गेलं. दुपारी डबा खाताना लांबी शेजारी येऊन बसली आणि भाजीकडे बघत म्हणाली, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मावशी, अख्खं गोदाम रॉकेलने घमघमत होतं. दाराबाहेरचं मांजर पळून गेलं. तुम्ही फर्मास म्हणालात."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. "तापापासून. कुणाला बोलू नकोस."

"बोलायला मी काय दवंडी पिटते? पण मग माल कसा पास करता?"

"जीभ आहे की."

"जीभ!" लांबी एवढंच म्हणाली. मग स्वतःच्या डब्यातली निम्मी भाजी त्यांच्या झाकणावर वाढली. "खा. खारट झालीय, ते तरी कळेल."

भाजी खरंच खारट होती. मावशींना कितीतरी दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची सून खाली आली. खांद्यावर बाळ, आणि बाळाने घर डोक्यावर घेतलेलं. "मावशी, पोट नुसतं नगाऱ्यासारखं झालंय हो. डॉक्टरांना दाखवलं, गॅस म्हणतात. तुमचं ते वेखंड आहे का थोडं?"

नसेल कसं! त्यांच्याकडे कुणीतरी काहीतरी मागायला आलं होतं. मावशींनी नुकत्याच पास केलेल्या लॉटमधली निवडक कांडं डब्यातून काढली, सहाणही दिली. "बेंबीच्या भोवती हं. पोटात नाही!" मग बाळाच्या पायाला हात लावून घेतला. त्यांच्या ध्यानात होतं, तान्ह्या बाळांना एक आंबूस, दुधाळ वास असतो. तो आठवायला गेल्या तर आठवलाही नाही.

सकाळी सून परत आली. बाळ झोपलं होतं, तिचा आवाजही झोपेतलाच होता. हातात कागदाची पुडी.

"मावशी, रागावू नका हं. मी हे लावलं नाही. उगाळायला घेतलं तर कुबट वास आला, बुरशीसारखा. म्हटलं, मावशींकडचं आहे, मलाच काहीतरी होतंय. सासूबाईंना दिलं, तर त्यांनाही तसंच." ती ओशाळली होती. "तुम्ही घाईत दिलंत, बघितलं नसेल तुम्ही."

"हो," मावशी म्हणाल्या. "बघितलं नाही."

दार लावून त्यांनी एक कांडं चावलं. कडू, झणझणीत, जिवंत. जिभेचं काही चुकलं नव्हतं. बुरशी जिभेला कळलीच नव्हती. अशी किती पोती या नाकाच्या भरवशावर शिक्का मारून गेली होती? आणि प्रत्येक घरात काही हुंगून परत करणारी सून नसते. मावशी पुडी घेऊन जिना उतरल्या. रोज खालच्या पायरीवर त्या स्वतःची बाही हुंगून बघत, वेखंड परत आलंय का. आज हात वर गेला आणि तसाच खाली आला.

गोदामात मालक नुकतेच उदबत्ती लावत होते. मावशींनी आधी लांबीच्या हातावर पुडी उपडी केली.

"काय येतंय? नीट सांग."

लांबीने मालकांकडे पाहिलं. "मावशी, इथे?"

"इथेच."

लांबीने हुंगलं. "कुबट. ओलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहतं ना, तसं." पुन्हा हुंगलं. "खाली वेखंडच आहे, पण दबलेलं. कुणीतरी त्याच्या तोंडावर उशी धरल्यासारखं."

"ऐकलंत मालक? हिला खालचंही कळतं. मला वरचंसुद्धा कळत नाही. तापात गेलं नाक. तेव्हापासूनचं माझं हो आणि नाही, दोन्ही बिनकामाचं. हा लॉट जिथे जिथे गेलाय तिथून परत बोलवा."

मालकांच्या हातात उदबत्ती जळत होती, राख बोटांवर पडली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली. "आणि मी शिक्के मारत बसलो," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फोनकडे गेले आणि एकेका दुकानदाराला लावत सुटले. बऱ्याच वेळाने वळले. "मग आता तुम्ही..."

"पॅकिंगला बसते. हात आहेत की."

"आणि पोती?"

"तिला विचारा."

"मला?" लांबी दचकली. "अहो, मला कांद्याने रडू येतं, तेवढंच माझं नाक!"

पण दुसऱ्या दिवशी मावशींच्या स्टुलावर लांबी बसली. मावशी टेबलाच्या टोकाला, दाराकडे पाठ. मिसळायला, भरायला, दोरा बांधायला. आता कुणी मुद्दाम त्यांच्याशी बोलायला येण्यासारखं काही नव्हतं; येणारा जाणारा स्टुलापाशी थांबे.

दुपारी वेखंड आलं. हमालाने पोतं फाडलं, गाडीवाला बाजूला उभा. कांडं मोडल्याचा आवाज मावशींनी पाठीमागून ऐकला. कट्‌. वाळलेलं होतं.

"काय हो ताई?" गाडीवाला म्हणाला. "अहो, ताजा माल आहे! दिसतोय ना किती सुरेख?"

मावशींना न वळताही कळलं, की लांबी आपल्या पाठीकडे बघते आहे. एकदा वळायचं, तोंडावर काहीतरी आणायचं, की झालं. पोरीला आधार मिळेल, आणि पुन्हा सगळ्यांची नजर मावशींवर येईल. मावशींनी दोऱ्याची गाठ आवळली. मान वर केली नाही.

"मेलंय हे," लांबीचा आवाज आला, आधी बारीक आणि मग मोठा. "नुसतं दिसायला आहे. घेऊन जा परत."

गाडीवाला कुरकुरला, पोतं घसटत बाहेर गेलं. जाता जाता त्यातला एक तुकडा टेबलाच्या पायाशी पडला होता. मावशींनी वाकून उचलला, कुणी बघत नाहीसं पाहून दाताखाली धरला. लाकडाचा चुरा चावल्यासारखं लागलं. कडू नाही, झोंबणं नाही.

पोरीचं बरोबर होतं. त्यांनी तो थुंकून टाकला आणि पुढची पिशवी जवळ ओढली.