मालकांची दाढ

आमची आत्या चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसते. गल्ल्यात पैसे कमी पडले तर तिच्या पगारातून कापतात. जास्त निघाले तर ते दुकानाचे. हा नियम मालकांनी तिला पहिल्याच दिवशी समजावला, आणि त्यानंतर तिच्याशी धड दोन शब्द बोलायची वेळ त्यांच्यावर आली नाही. मला त्या माणसाचा मनापासून राग येतो. आत्याला येत नाही. तिला वेळ नसतो.

मागे एकदा मालकांची दाढ सुजली. ही बातमी त्यांनी येईल त्या गिऱ्हाइकाला गाल दाखवून दिली. दाढ काढायला ते गेले, त्याच दुपारी दुकानातला फोन वाजला.

"मी बोलतोय." आवाज जाड येत होता. "तोंडात कापूस आहे, जास्त बोलायला लावू नकोस. बुटांच्या व्यापाऱ्याचा माणूस येईल, गल्ल्यातली सगळी रक्कम त्याच्या हातात दे."

"सगळी?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही? डोकं गहाण ठेवलंयस का?"

आत्याची खात्री पटली. मालकच. हेल्मेट घातलेला माणूस दारात येऊन उभाही राहिला होता. शाळा सुरू व्हायचे दिवस, गल्ला गच्च भरलेला. ते पैसे फेडता फेडता आत्या म्हातारी झाली असती. तिने फोन खांद्याशी दाबून धरला आणि नोटांना रबर लावून त्या पिशवीत भरल्या.

"आणि हे बघ," आवाज मऊ झाला, "उशीर झालाय, आधी जेवून घे."

आत्याचा हात थांबला. तिने पिशवी परत गल्ल्यात टाकली, किल्ली फिरवली आणि हेल्मेटवाल्याला म्हणाली, "बसा हं, मालक येईपर्यंत." तो काही बसला नाही.

संध्याकाळी मालक गाल धरून आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला कळलं कसं?"

आत्याने आहे ते सांगितलं. "तो म्हणाला, जेवून घे. तुम्ही नाही म्हणत."

मालकांनी गाल आणखी घट्ट धरला. दाढेमुळे असेल, असं आत्या म्हणते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गल्ल्यापाशी आले. उगाच एक खोका सरळ केला, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "जेवलीस का?"

आत्याने आधी गल्ल्याची किल्ली काढून मुठीत घेतली. मग म्हणाली, "नाही अजून."