वाऱ्याची सोपी वाट

माझी लेक तिच्या बाबांच्या जुन्या गाडीत सारखे बदल करत असते. इंजिनाची ताकद वाढवल्यापासून गाडी घाटात तापते. काल ती रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवत होती.

“अगं, वाऱ्याच्या वाटा कशाला बंद करतेस?”

“आई, फट दिसली की वारा तिथूनच सटकतो. गरम जाळीतून जातच नाही.”

तिच्यासाठी पट्टी दाबून धरताना मला वाटलं, तिचे बाबा गेल्यापासून आमचं बोलणंही असंच झालंय. भाजी, पाणी, पार्सल. जिथं पोळतं, तिथून कुणीच जात नाही.

“ही गाडी आणली ना,” मी म्हटलं, “तेव्हा मी चाकापुढे लिंबू ठेवलं, तर तुझे बाबा ते चुकवूनच पुढे गेले.”

तिने कात्री खाली ठेवली.

“मग?”