ठेकेदारांसाठी सोडलेली जागा

मधुदादा गेल्याचा निरोप रोह्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. दादांच्या साप्ताहिकाचा मजकूर पेणला माझ्या छापखान्यात त्याच्याच हाती यायचा. त्या दिवशी हात रिकामे. "दादा गेले... झोपेतच," एवढंच बोलला आणि पाणी मागितलं. मला धड रडूही येईना.

दादांची एक खोड होती. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याच्या दारात जाऊन ती आधी वाचून दाखवायची आणि त्याचं म्हणणं बातमीखाली छापायचं. मी जाम वैतागायचो. "अहो, चोराला सांगून धाड घालता काय?" ते शांतपणे म्हणायचे, "त्याला न विचारता छापली तर ती बातमी नाय रे, चुगली हाय."

खाडीचा बांध कच्चा झाल्याची बातमी त्यांनी अशीच रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावात, बांधाच्या ठेकेदाराच्या ओटीवर बसून वाचली. अमावास्येच्या उधाणाला तो फुटणार, खारं पाणी भातशेतात शिरणार, हे गाववाले ओरडून सांगत होते, ऐकतो कोण! ठेकेदारानं म्हणे चहा पाजला, म्हणणं मात्र दिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दादा पान तपासायला आलेले असताना, त्याची माणसं माझ्या छापखान्यात. जुळवलेलं पान उधळलं, शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, खण जमिनीवर पालथे केले. जाताना एकानं दादांच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. "पुढच्या खेपेला हा."

माझी बायको पुढं आली. "भावोजी, पाया पडते, एवढी बातमी सोडा." दादा खाली बसून एकेक खिळा निवडत होते. "वहिनी, मी सोडीन हो. उधाण सोडील काय?" तीच पदर खोचून शेजारी खिळे निवडायला बसली. माझी तर पाचावर धारण बसली होती... पण यंत्र मीच चालवलं.

अंक निघाला. बातमीखाली 'ठेकेदारांचे म्हणणे' एवढंच, आणि पुढं चार बोटं जागा कोरी. "तिथं निदान कालचा धिंगाणा तरी लिहा," मी म्हटलं. "नाय. ती जागा त्याची हाय." अंक घरोघरी वाचला गेला, वडखळकडून सरकारी साहेबांच्या जीपा बांधावर आल्या, उधाणाआधी माती पडली. शेतं वाचली. अष्टमीच्या पुलावरून एकटे जाऊ नका, असं सगळे दादांना बजावत. ते आपले जात राहिले.

दादांवरचा हा लेख एका दैनिकाच्या पुरवणीसाठी लिहून झाला आणि दादांची खोड आठवली. आता मी कसा टाळू? परवा अष्टमीला गेलो. ठेकेदार फार थकलाय. त्याच ओटीवर बसून सगळं वाचून दाखवलं, उधळलेल्या खिळ्यांसकट. मग विचारलं, "तुमचं म्हणणं?"

त्यानं पुलाकडे बघितलं. "तो अंक ठेवलाय मी," म्हणाला. "काय लिवणार आता... माझी जागा तेवढी सोड."

म्हणून इथं खाली चार बोटं जागा सोडली आहे. पुरवणीवाल्यांनी ती कृपया भरू नये.

ठेकेदारांचे म्हणणे :