गाऊनला नारळ

आधी चहाचा घोट गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. गाढवपणा आपण सगळेच करतो हो, पण आपल्या गाढवपणाला हार-फुलं वाहिलेली किती जणांनी पाहिलीत? मी पाहिलीत. या डोळ्यांनी!

तर मुळात मी घाबरट. पनवेलला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढले. निसर्ग म्हणजे आमच्याकडे गॅलरीतली तुळस. एम.कॉम. केलं, लग्न होऊन उरणला आले, मनू झाली, आणि तोवर माझ्याकडे भाड्याने राहणारी भीती एकदम घरमालकीणच होऊन बसली. बागेत गेलो तरी घसरगुंडीवरून आधी मी घसरून बघणार, मग मनू. एकदा मध्येच अडकले होते. खाली पोरांची रांग, वर पोरांची रांग. ते जाऊ दे.

गेल्या वर्षी मनूच्या शाळेत बाईंनी ‘माझी आई’ असं चित्र काढायला सांगितलं. कुणाची आई भाकरी थापत होती, कुणाची लॅपटॉपवर, एकीची तर चक्क बुलेटवर. मनूने काढलेल्या आईचा एकच हात मोठा. तळवा समोर, पाची बोटं ताठ.

“अगं, आई टाटा करतेय का?” बाईंनी विचारलं.

“नाही,” मनू म्हणाली, “आई ‘नको’ म्हणतेय.”

पालकसभेत सगळ्यांसमोर ते चित्र भिंतीवर होतं हो! रात्रभर तो हात माझ्या डोळ्यांसमोर. शाळेच्या पावसाळी सहलीलाही मीच पाठवलं नव्हतं. मग ठरवलं. गणपती उठले की मनूला धबधबा दाखवायचा. मी स्वतः न्यायचं, आणि तिथे एकदाही ‘नको’ म्हणायचं नाही. नाहीतर पोरगी मोठी होऊनही तोच हात काढत राहायची.

घरात जाहीर केलं तर प्रथमेश, म्हणजे आमचे पतिराज, जेवता जेवता थांबले. “तू? धबधब्यावर?”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. बोलणं अस्सल इकडचं, आगरी वळणाचं. त्या माशाचा काटा काढत म्हणाल्या, “जल्ला, न्हाणीत पाणी तुंबला तरी ही दारात उभी राहून हाका मारते. ही धबधब्याखाली जानार!”

“जाणारच,” मी म्हटलं.

“मंग माज्या माह्येरालाच चला. गावाच्या पाठी डोंगर हाय. पन वर वाट फुटते हां. डावीकरची गावात येते, उजवीकरची ओढ्यात. आनि मावळतीला आभाळ भरला तर ओढ्याला पाणी चढतो. तवा आदीच उतराचा.”

झालं! वाट फुटते, ओढा, पाणी चढतं. पण बोलून बसले होते ना!

आता खरी गोष्ट. इंटरनेटवर काय वाटेल ते वाचा, पण ‘जंगलात वाट चुकल्यास’ हे कधी वाचू नका. त्यात लिहिलं होतं, जाताना झाडांना भडक रंगाच्या कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात, परत येताना वाट चुकत नाही. भडक रंग? माझ्याकडे बाळंतपणातला गाऊन होता. नारिंगी, आणि त्यावर ताटलीएवढी पिवळी सूर्यफुलं. तो घालून मी गॅलरीत उभी राहिले की रस्त्यावरचे कंटेनरचे ट्रेलर हळू व्हायचे. बाथरूमची कडी लावून मी त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि पर्समध्ये कोंबल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, जन्मभर ऐकून घ्यायचं?

रविवारी निघालो. आईंचे गुडघे दुखतात, त्या खाली भावाकडे, मामांकडे थांबल्या. प्रथमेश मनूला खांद्यावर घेऊन पुढे. मी मागे. पहिल्या ऐनाच्या झाडाला पट्टी बांधली. दुसरी वळणावर. तिसरी करवंदीच्या जाळीवर.

“अगं, सारखी काय थांबतेस?” वरून आवाज.

“श्वास घेतेय!”

“घरी नाही घेत?”

जिथे वाट फुटत होती तिथे तर मी डावीकडच्या झाडाला चांगली रुंद, अख्ख्या सूर्यफुलाची पट्टी बांधली. गाठ मारून ओढून बघितली. आणि मागे वळले तर काय! माझ्या पाठीशी पोपटी साड्यांचा थवा. कुठल्यातरी बचत गटाच्या बायका सहलीला आलेल्या. सगळ्या जणी थबकून माझ्याकडे बघतायत.

आता तिथे ‘मी हरवेन म्हणून खूण करतेय’ एवढं सांगितलं असतं तर काय झालं असतं? थोडं हसल्या असत्या. पण मला लाज वाटली. आणि लाज वाटली की माझं डोकं काय करेल ते सांगता येत नाही. मी झटकन झाडाकडे वळले, डोळे मिटले आणि हात जोडले!

बघा. इथे, इथे माती खाल्ली.

मागून चपलांचा आवाज थांबला. पुढची ठसठशीत कुंकवाची मावशी हळूच जवळ आली. “काय गो बाय, कंचा देव हाय हा?”

“वाटेचा,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

“चिंधीदेव?”

मी जन्मात हे नाव ऐकलं नव्हतं. “हो, तोच.”

“आगो बाई! माजी आजी सांगायची. डोंगर चढताना अंगावरच्या कापडाची चिंधी बांधायची, म्हंजे वाटेत काय होत नाय. आमच्यात आता कोन बांधत नाय.” मग आवाज खाली. “पावतो काय?”

“आम्ही अजून तरी हरवलो नाही,” मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

मावशीने तत्काळ पदराच्या काठाची कोर दाताने फाडली. मागे सगळा थवा फाडायला बसला. मी तिथून पळाले, आणि वरच्या वाटेवर उरलेल्या पट्ट्या बांधत गेले.

आणि धबधबा! अहो, तो धबधबा! वर गेले तर मनू चपला काढून उभी. तोंडावर तुषार, डोळे एवढाले, आणि माझ्याकडे बघतेय. ‘नको’ कधी येतंय त्याची वाट बघतेय. माझ्या जिभेवर आलंच होतं. शेवाळ आहे, सर्दी होईल, पाण्यात साप असतो, सगळं आलं होतं. ते गिळलं, तिचा हात धरला आणि दोघी सरळ धारेखाली! पाठीवर कुणी तांदळाची पोती ओततंय असं वाटलं. मी किंचाळले. मनू किंचाळली. मग किंचाळायचंच वेड लागलं. ओढणी पायात, केस तोंडात, प्रथमेश खडकावर उभा राहून “बास, आता बास!” आणि आम्ही दोघी त्याच्याकडे हात करून “नकोऽऽ!” माझ्या आयुष्यात मी इतकी कधी हसले नव्हते. पोपटी थवा आला, त्यांनी भाकरी-सुकटीची चटणी खाल्ली, आम्हालाही दिली, फेर धरला, खाली उतरून गेला, तरी आमचं संपेना.

मग आभाळ भरून आलं. आईंचे शब्द आठवले आणि माझी भीती सुट्टी संपवून कामावर हजर झाली.

“चल,” मी म्हटलं, “मला वाट पाठ आहे.” आता खूण बांधलेल्या बाईने रुबाब करू नये का?

उतरताना पहिल्या खुणेपाशी आलो. माझ्या नारिंगी पट्टीशेजारी एक पोपटी चिंधी, एक रुमाल, दोन हिरव्या बांगड्या. बरं. पुढच्या झाडाला कुंकू. त्यापुढच्याला उदबत्ती! आमच्यानंतर बाईकवाल्या पोरांचं एक टोळकं चढत होतं, त्यातल्या कुणीतरी मोजाही बांधला होता. धुतलेला नव्हता. आणि मग वाट फुटते त्या जागी आलो. डावीकडे चिंध्या. उजवीकडे चिंध्या. समोरच्या झुडपांनाही चिंध्या! बायकांनी भक्तिभावाने जागा दिसेल तिथे बांधल्या होत्या. आणि माझी अख्ख्या सूर्यफुलाची पट्टी? गायब. नुसती गाठ शिल्लक. प्रसाद म्हणून तिचे तुकडे करून नेले होते हो सगळ्यांनी!

“कुठली वाट?” प्रथमेश.

“आई म्हणाल्या होत्या, एकीकडची गावात जाते.”

“कुठल्या हाताची?”

डावी! डावी म्हणाल्या होत्या. पण आपली डावी, चढतानाची, की उतरतानाची? आता तर तोंड फिरलं होतं! फोनला रेंज नाही. खालून ओढ्याचा आवाज, मघापेक्षा जाड. मनू बापाच्या मानेला घट्ट. मग मी सगळं भडाभडा ओकले. इंटरनेट, बाथरूम, पट्ट्या, हात जोडणं.

प्रथमेश मनूला घेऊन त्या चिखलात मटकन बसला. मला वाटलं, घेरी आली. हसत होता! आवाजसुद्धा फुटत नव्हता, नुसता हलत होता.

“म्हणजे लोकांनी… तुझ्या गाऊनला… उदबत्ती…”

“हसतोस काय! वाट सांग!”

तेवढ्यात खालून घंटेचा आवाज आला. टण टण टण. मग फाट्कन नारळ फुटल्याचा. मनू ओरडली, “तिकडे! तिकडे माणसं आहेत!” आवाजाच्या मागे धडपडत उतरलो. वाट बरोबर निघाली, पाचोळ्यावरून घसरत थेट पहिल्या ऐनाच्या झाडापाशी आलो. आणि तिथे अर्धं गाव जमलेलं!

पोपटी थव्याने खाली जाऊन बातमी दिली होती, डोंगरावरचा चिंधीदेव परत आलाय, एक बाई लेकरू घेऊन त्याची वाट बांधत गेली. झाडाखाली हळद-कुंकू, झेंडूचा हार, मामा घंटा वाजवतायत. आणि गुडघ्यांमुळे घरच्या देवापुढेही खुर्ची टाकून बसणाऱ्या माझ्या सासूबाई, तिथे चढून आलेल्या! हातात नारळाची वाटी, डोळ्यांत पाणी.

“माज्या आयेच्या टायमाला होता हा देव,” त्या सगळ्यांना सांगत होत्या. “रस्ता झाला, लोक गाडीनं जायला लागली, कोन चिंधी बांधनार? आज परत आला.”

झाडावर माझा गाऊन. सूर्यफुलावर कुंकवाचं बोट. म्हातारी माणसं नमस्कार करतायत. मी तिथल्या तिथे जमिनीत जायला तयार होते, पण जमीन तरी वेळेवर कुठे फाटते!

आणि मनू खांद्यावरून खणखणीत आवाजात म्हणाली, “आजी, हा तर आईचा गाऊन आहे!”

मामांची घंटा थांबली. सगळे माझ्याकडे. प्रथमेश आभाळाकडे. मी पायाच्या अंगठ्याकडे.

आई म्हणाल्या, “व्हय मंग. तिचाच हाय. चिंधीदेवाला अंगावरचाच कापड लागतो. परक्याचा चालत नाय. माज्या सुनेला समदा ठावं हाय!”

बायका “वाऽ” म्हणाल्या. घंटा पुन्हा सुरू. आईंनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं आणि कानाशी म्हणाल्या, “बाळंतपनात सवा म्हैना मीच धुतला हा गाऊन. मला वळखू येनार नाय? आल्या आल्या वळखला.”

“मग आई, तुम्ही नारळ कसा फोडू दिलात?”

“तुमी येळेवर उतरलाव नाय. आभाळ भरला. माजा जीव उडाला गो. समोर देव दिसला, हात जोडले. कापड कुनाचा ते कोन बघतो?” मग जरा थांबून, “नवस बोललेय.”

“कसला?”

“माजी नात नि सून सुकरूप उतरू दे, दर साल तुला चिंधी बांधीन.”

“बरं केलंत आई.”

“बरा काय! माजे गुडघे ह्ये असे. बांधनार तू. दर साल. तुज्या अंगावरच्या कापडाची. समद्यांच्या समोर बोललेय, आता मागं फिरता येत नाय.”

म्हणजे बघा, ज्या डोंगराच्या भीतीने मी गाऊन फाडला, त्याच डोंगरावर त्या गाऊनमुळे मला आता जन्मभर चढायचंय!

भीती गेली का, विचारता? छे हो! गेल्या आठवड्यात मनूला पहिल्यांदा शाळेच्या सहलीला पाठवलं. ‘नको’ म्हटलं नाही. बस वळणाआड जाईपर्यंत दात विचकून टाटा केलं. बस गेली, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. डोळे मिटले, तर समोर नारिंगी सूर्यफुलं! म्हटलं, “देवा, लेकरू सुखरूप येऊ दे. माझा सगळ्यात आवडता गाऊन तुला.”

संध्याकाळी मनू हसत उतरली बसमधून. गुडघ्यालासुद्धा खरचटलं नव्हतं.

पावला की मेला! आता तो निळा, जाळीच्या बाह्यांचा, प्रथमेशने लग्नाच्या वाढदिवसाला आणलेला गाऊन फाडायचाय. एकदाच घातलाय हो!